लिलावात आकडे बोलू लागतात तेव्हा

१९९९ साली जर्मनीत मोबाइल सेवेसाठी १८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या स्पेक्ट्रमचे, म्हणजे रेडिओ लहरींच्या वापरहक्काचे, दहा तुकडे लिलावाला निघाले. मानेसमान कंपनीने पहिल्याच फेरीत शेवटच्या पाच तुकड्यांवर प्रति मेगाहर्ट्झ २ कोटी मार्कांची बोली लावली आणि पहिल्या पाचांवर १ कोटी ८१ लाख ८० हजारांची. हा विचित्र आकडा आला कुठून? नियम असा होता, की नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा किमान दहा टक्क्यांनी जास्त हवी. १.८१८ कोटींमध्ये दहा टक्के मिळवून पाहा, जवळजवळ नेमके २ कोटी होतात. प्रतिस्पर्धी टी-मोबाइलला इशारा कळला: पाच तुम्ही २ कोटींना घ्या, पाच आम्हाला राहू द्या. दुसऱ्या फेरीत त्यांनी तेच केले आणि लिलाव तिथेच आटोपला. दोघांना भेटावेही लागले नाही.

मग बोली बंद पाकिटातच का मागवत नाहीत? स्पेक्ट्रमची खरी किंमत आधी कुणालाच ठाऊक नसते. ती ज्याने सर्वांत जास्त धरली तोच जिंकतो, आणि बरेचदा तोच पस्तावतो. शिवाय शेजारचा परिसर मिळाला तर हातातल्या परवान्याचे मोल वाढते. म्हणून पॉल मिलग्रोम, रॉबर्ट विल्सन आणि प्रेस्टन मॅकॅफी यांनी सगळे परवाने एकाच वेळी, अनेक फेऱ्यांत विकण्याची पद्धत सुचवली. अमेरिकेने ती १९९४ मध्ये वापरली. पहिल्या दोघांना २०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. इतरांच्या बोली पाहून आपला अंदाज सुधारता येतो, हे या पद्धतीचे बळ. पण त्याच उघडेपणातून संगनमताला वाट मिळते.

अमेरिकेतही हे घडले. मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या परवान्यासाठी, म्हणजे क्रमांक ३७८ साठी, यूएस वेस्ट आणि मॅक्लाउड या कंपन्यांत चुरस होती. यूएस वेस्टने मॅक्लाउडच्या हातातल्या आयोवातल्या परवान्यांवर अचानक बोली लावल्या: ३,१३,३७८ डॉलर, ६२,३७८ डॉलर. शेवटचे तीन अंक पाहा. रॉचेस्टर सोडा, नाहीतर आयोवात महागात पडेल, असा तो निरोप होता.

पुढे अमेरिकी नियामकाने हवा तो आकडा टाकण्याची मुभा काढून ठरावीक टप्पेच ठेवले. २००८ च्या मोठ्या लिलावात कोणती बोली कुणाची हेही झाकले. मला हे उपाय सर्वांत शहाणपणाचे वाटतात: किमतीची माहिती सगळ्यांना मिळते, धमकी मात्र कुणाला द्यायची तेच कळत नाही.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचेच नाही ती किंमत, वाढवून ठेवणे हा दुसरा उपाय. बोली लावणाऱ्यांनी आपसांत कितीही जुळवून घेतले तरी सरकारच्या हाती काही किमान रक्कम पडतेच. मात्र ती ताणली की गिऱ्हाईकच उठून जाते. भारतात २०१६ मध्ये ७०० मेगाहर्ट्झसाठी देशभरासाठी प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये मागितले, आणि एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये किंमत उतरवूनही तेच झाले. हा पट्टा दूरवर आणि भिंतींच्या आत पोचणारा, खेडोपाडी सेवा देण्यासाठी फार मोलाचा. तो वर्षानुवर्षे पडून राहिला. २०२२ मध्ये किंमत ३,९२७ कोटींवर आली, तेव्हा कुठे जिओने देशभरासाठी १० मेगाहर्ट्झ घेतले. चढाओढ करायला समोर दुसरे कुणी नव्हतेच.