तेवीस प्लॅटिनम: एका दुहेरी संग्रहाची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढलेल्या बिली जोएल या पियानोवादक गीतकार-गायकाचा 'ग्रेटेस्ट हिट्स' भाग १ आणि २ हा निवडक गाण्यांचा संग्रह १९८५ साली आला. दोन तबकड्या, १९७३ पासूनच्या बारा वर्षांतली गाणी आणि सोबत दोन कोरी करकरीत नवी. अमेरिकेतल्या अल्बमच्या साप्ताहिक यादीत तो सहाव्या क्रमांकापर्यंत चढला, त्यापुढे कधी गेला नाही. तरीही तिथल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेच्या दफ्तरी त्याच्या नावावर २३ प्लॅटिनम आहेत, एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख नग. या गायकाच्या यशाचा विषय निघाला की सर्वांत आधी हाच आकडा पुढे येतो. आकडा खरा आहे. मात्र तो ऐकणारा बहुतेक जण 'दोन कोटी तीस लाख लोकांनी हा अल्बम घेतला' असा जो अर्थ काढतो, तो बरोबर नाही.

अशा संग्रहांची सुरुवात साधारण १९५८ मधली मानतात. एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी तबकडी, येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. एका तरुण अमेरिकन गायकाची सुटी सुटी निघालेली लोकप्रिय गाणी कंपनीने एकाच एलपीवर घातली आणि वर 'ग्रेटेस्ट हिट्स' असं छापलं. ती एलपी ४९० आठवडे, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, यादीत राहिली. आधी विकलेलीच गाणी पुन्हा विकता येतात आणि त्यासाठी स्टुडिओचं भाडंही पडत नाही, हे कंपन्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. १९६७ चं उदाहरणही याच वळणाचं आहे. मोटारसायकलच्या अपघातानंतर एक मोठा गीतकार-गायक लोकांपासून दूर होता, नवा अल्बम येत नव्हता, आणि त्या पोकळीत त्याच्या गाण्यांचा पहिला संग्रह आला. सोबत घडी घातलेलं पोस्टर होतं. कित्येकांच्या खोलीत गाण्यांआधी ते पोस्टरच पोचलं असेल.

या प्रकाराला खरं वजन आलं ते १९७४ ते १९७६ या तीन वर्षांत. १९७४ च्या अखेरीस २७ वर्षांच्या एका इंग्लिश पियानोवादक गायकाचा संग्रह आला. एकच तबकडी, दहाच गाणी. तो अमेरिकेत सलग दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. तोवर संग्रह म्हणजे दोन अल्बमांमधला विसावा अशी समजूत होती. इथे मात्र गायक ऐन भरात असताना काढलेला संग्रहच त्या मोसमातला सर्वांत मोठा अल्बम ठरला. फेब्रुवारी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाचा संग्रह आला आणि त्याच महिन्यात प्लॅटिनम हा नवाच सन्मान मिळवणारा पहिला अल्बम म्हणून त्याची नोंद झाली. पहिलं प्लॅटिनम नव्या अल्बमला न जाता जुन्या गाण्यांच्या संग्रहाला गेलं, हे मला नेहमीच बोलकं वाटत आलं आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी आलेला एक संग्रह मला या सगळ्यांत जास्त जवळचा वाटतो. गिटार घेऊन हळुवार गाणाऱ्या या अमेरिकन गीतकार-गायकाचा पहिला अल्बम १९६८ साली लंडनमध्ये दुसऱ्या कंपनीसाठी झाला होता. त्यातली दोन गाणी संग्रहात हवीच होती, पण ते ध्वनिमुद्रण नव्या कंपनीच्या मालकीचं नव्हतं. मग १९७६ मध्ये त्याने ती दोन्ही गाणी नव्याने गायली. मधल्या आठ वर्षांत आवाज पिकला होता, वाद्यमेळ हलका झाला होता, आणि आज अनेकांच्या कानात याच आवृत्त्या मूळ म्हणून बसल्या आहेत. मालकी हक्काच्या एका अडचणीतून गाण्याला दुसरा आणि, माझ्या मते, अधिक चांगला जन्म मिळाला. हा संग्रह यादीत कसाबसा २३ व्या क्रमांकापर्यंत आला. पुढच्या काही दशकांत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती गेल्या. पहिल्या महिन्यातला क्रमांक आणि वीस-पंचवीस वर्षांतला खप यांचा या व्यवहारात फारसा संबंध नसतो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

आता १९८५. लाँग आयलंडच्या गायकाकडे तोवर एकामागून एक चाललेले अल्बम जमा होते. दुकानात कॉम्पॅक्ट डिस्क नुकत्याच दिसू लागल्या होत्या. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिल्यांदा सीडी विकायला आल्या, त्यांत सर्वांत आधी निघालेली सीडी याच गायकाच्या १९७८ च्या अल्बमची होती. त्यामुळे १९८५ चा संग्रह एका चमत्कारिक वळणावर आला. एलपी होती, कॅसेट जोरात होती आणि सीडी दाराशी उभी होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत लोकांनी आपल्या एलपी आणि कॅसेट मोडीत काढून तीच गाणी सीडीवर पुन्हा घेतली. एखाद्या गायकाचे सात-आठ अल्बम पुन्हा विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही, संग्रह परवडतो. दशकभर संथपणे, पण न थांबता तो विकला गेला, त्यामागे गाण्यांचा गोडवा तर आहेच, पण ही घरोघरची अदलाबदलही तितकीच आहे.

'हिट्स' या शब्दालाही या संग्रहात थोडी मुरड घातलेली आहे. आपल्या शहरावर लिहिलेलं त्याचं सर्वांत लाडकं गाणं सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून कधी निघालंच नव्हतं. सात मिनिटांहून लांब असलेली, एका हॉटेलातल्या टेबलाभोवती दोन जुन्या ओळखीच्यांची कहाणी सांगणारी रचनाही सिंगल नव्हती. दोन्ही इथे आहेत. खपाच्या यादीत न बसणारी पण मैफलीत लोकांनी डोक्यावर घेतलेली गाणी घेतल्यामुळे हा संग्रह गायकाच्या लेखनाचा नमुना झाला. केवळ क्रमांकांची उजळणी एवढ्यावर तो राहिला नाही. दोन नवी गाणी मात्र त्या काळच्या प्रथेप्रमाणे आली. जुने अल्बम घरी असलेल्या चाहत्यालाही दुकानापर्यंत आणण्याचा तो मार्ग होता.

आता त्या २३ कडे येऊ.

संघटनेने १९५८ पासून 'गोल्ड' द्यायला सुरुवात केली, तेव्हा अल्बमचं मोजमाप डॉलरमध्ये होतं: दहा लाख डॉलरची घाऊक विक्री. किमती वाढत गेल्या तसं हे माप सैल पडू लागलं. १९७५ मध्ये त्यात नगांची अट आली, गोल्डसाठी पाच लाख नग. पुढच्या वर्षी प्लॅटिनम आलं, दहा लाख नगांचं. १९८४ पासून दुहेरी, तिहेरी असं बहुप्लॅटिनम मोजू लागले आणि १९९९ मध्ये एक कोटीच्या पुढच्यांसाठी 'डायमंड' आलं. पायऱ्या वाढत गेल्या, पण त्यामागचा 'नग' हा शब्द तोच राहिला. सगळा घोळ त्या शब्दात आहे.

नग म्हणजे काय? दुकानातून कोणी विकत नेलेली वस्तू, असं आपण धरतो. इथे आधी तर दुकानांकडे रवाना झालेला माल मोजतात आणि परत आलेला वजा करतात. ही मोजदादही आपोआप होत नाही. कंपनीने अर्ज करायचा, हिशेब तपासून घ्यायचा, मग आकडा बदलतो. म्हणूनच १९७६ चा कॅलिफोर्नियन संग्रह २००६ मध्ये २९ वर होता आणि २०१८ मध्ये एकदम ३८ वर गेला. बारा वर्षांत खप झोपला होता आणि एका दिवशी जागा झाला, असं काही नव्हतं. मधल्या काळात कोणी हिशेब मांडला नव्हता, शिवाय २०१६ पासून ऑनलाइन ऐकणंही मोजणीत धरलं जाऊ लागलं होतं.

दुसरा आणि जास्त वादाचा भाग पुढेच आहे. १९९२ पासून संघटनेने एकाहून जास्त तबकड्यांच्या संचातली प्रत्येक तबकडी स्वतंत्र नग म्हणून मोजायला सुरुवात केली. एका गिऱ्हाइकाने दोन तबकड्यांचा एक संच घेतला की दप्तरी दोन नग चढतात. या हिशेबाने २३ प्लॅटिनम म्हणजे दोन कोटी तीस लाख तबकड्या, अर्थात एक कोटी पंधरा लाख संच. घरं मोजायची तर एवढीच. याउलट १९७४ चा तो दहा गाण्यांचा इंग्लिश संग्रह एकाच तबकडीचा आहे आणि त्याच्या नावावर १७ प्लॅटिनम आहेत, म्हणजे एक कोटी सत्तर लाख प्रती. आकड्यांच्या क्रमाने १७ हे २३ च्या खाली लागतात. घरांच्या क्रमाने चित्र नेमकं उलटं होतं, आणि फरक थोडाथोडका नाही, पंचावन्न लाख घरांचा आहे.

नियमाच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, ते टाळणं अन्यायाचं होईल. दुहेरी संच महाग असतो, कारखान्यात दोन तबकड्या दाबाव्या लागतात, गाण्यांची संख्या दुप्पट असल्याने गीतकाराची रॉयल्टीही त्या प्रमाणात वाढते. उद्योगाचा व्यवहार मोजायचा असेल तर दोन मोजणं चुकीचं नाही. पंचवीसेक गाणी देणाऱ्याला दहा गाणी देणाऱ्याच्या बरोबरीने का बसवायचं, हा प्रश्नही रास्त आहे. शिवाय एका तबकडीवर मावणारी गाणी उगाच दोनांवर पसरून कोणी आकडा फुगवू नये म्हणून किमान वेळेची अट घातली गेली. मात्र विनाइलच्या काळातल्या दुहेरी अल्बमना तीतून सूट मिळाली. १९७९ चा एका ब्रिटिश रॉक गटाचा दुहेरी अल्बम जेमतेम ८१ मिनिटांचा आहे आणि तोही २३ वरच आहे.

माझा आक्षेप नियमापेक्षा तो सांगण्याच्या पद्धतीवर आहे. कंपनीच्या जाहिरातीत आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात 'नग' जातो आणि त्याच्या जागी 'प्रती' येतो. तिथून 'प्रती'चा 'श्रोते' व्हायला वेळ लागत नाही. त्यातून त्या गिटारवाल्या गायकाच्या एका तबकडीवर अन्याय होतो. त्याचा एक कोटीच्या पुढचा खप आणि या दुहेरी संग्रहाचे एक कोटी पंधरा लाख संच हे जवळपास शेजारी आहेत, पण यादी वाचणाऱ्याला त्यांत दुपटीचं अंतर दिसतं. दुसरीकडे लाँग आयलंडच्या गायकालाही या फुगवट्याची गरज नाही. महागड्या दुहेरी संचाच्या एक कोटीहून जास्त प्रती लोकांनी पदरचे पैसे मोजून घेतल्या, हा पराक्रम तसाच सांगितला तरी पुरेसा मोठा आहे.

आकडे एका बाजूने असे फुगत असताना दुसऱ्या बाजूने संग्रहांचं यश लपतही होतं. मे १९९१ मध्ये अमेरिकेतली यादी दुकानांच्या गल्ल्यावर नोंदल्या जाणाऱ्या विक्रीवरून बनू लागली. दुकानदारांनी तोंडी दिलेल्या अंदाजांची पद्धत संपली. त्याच वेळी जुन्या अल्बमांची वेगळी यादी केली गेली आणि ठरावीक काळ उलटून गेलेले, खालच्या क्रमांकावर उतरलेले अल्बम मुख्य यादीतून काढून तिकडे टाकले गेले. नव्या अल्बमना जागा मिळावी हा हेतू. परिणाम असा की एखाद्या आठवड्यात जुना संग्रह नव्या अल्बमांपेक्षा जास्त विकला गेला तरी मुख्य यादीत तो दिसायचाच नाही. १९८५ चा हा संग्रह सीडीच्या भरभराटीच्या काळात सर्वांत जास्त जात होता आणि नेमकी तीच वर्षं तो मुख्य यादीला परका होता. डिसेंबर २००९ मध्ये हा नियम उठला. ब्रिटनने १९८९ मध्ये काढलेला तोडगा मला जास्त समंजस वाटतो. अनेक गायकांची मिश्र संकलनं तेवढी वेगळ्या यादीत घातली आणि एकाच गायकाचे संग्रह मुख्य यादीत राहू दिले.

गायकाने स्वतः १९९३ नंतर पॉप गाण्यांचा नवा अल्बम काढला नाही. संग्रहाचा तिसरा भाग १९९७ मध्ये आला, तो या दोन भागांच्या जवळपासही गेला नाही. जानेवारी २०१४ पासून न्यूयॉर्कच्या एकाच प्रसिद्ध सभागृहात तो दर महिन्याला गायला, मध्ये साथीच्या काळातला खंड सोडला तर जुलै २०२४ पर्यंत. शेवटच्या रात्री त्या सभागृहातला त्याचा एकूण १५० वा कार्यक्रम झाला. नवा अल्बम नसताना दहा वर्षं तिकिटं संपत राहिली. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण १९८५ नंतर जन्मलेले होते. त्यांच्या घरात ही गाणी आणणाऱ्या वाटांपैकी मोठी वाट म्हणजे आईवडिलांच्या कपाटातला हा दुहेरी संच.

२०१६ पासून संघटनेने अल्बमच्या मोजणीत ऑनलाइन ऐकणंही धरलं. १५०० वेळा गाणं ऐकलं गेलं की एक नग. ती १५०० वेळा एकाच गाण्याचीही असू शकतात. पियानोवरच्या एकाच गाण्याने आता अख्ख्या अल्बमचे नग चढू शकतात आणि ते ऐकणाऱ्याने दुसरी तबकडी कधी उघडलेली नसते. १९९२ मध्ये एका घराचे दोन नग झाले होते. आता एका नगात किती घरं आहेत, हे दप्तर पाहून कळायचा मार्गच उरलेला नाही.