‘मन खंबीर असलं की ताण येत नाही’ : एक खुलासा

वाळूज-चिकलठाण्यापासून जालन्याच्या स्टील कारखान्यांपर्यंत हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकतोय. अर्थ असा, की थकला तो कच्चा. त्यात साहेबांचा काय संबंध? हा समज साफ चुकीचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या ताणाने पुरतं थकून जाण्याची, नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित बाब म्हणून. मूळ सांगितलं ते कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला, साचत गेलेला ताण. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर वरिष्ठांनाच प्रशिक्षण द्या, असं म्हटलंय.

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी होतो, तिथे रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज यायचा, ‘उद्याचं प्लॅनिंग काय?’ सेकंड शिफ्ट करून घरी आलेला पोरगा ताट बाजूला सारून उत्तर टाइप करायचा. नवे प्लांट हेड आले. त्यांनी आठनंतरचे मेसेज बंद केले आणि स्वतःही पाळलं. आईच्या आजारपणात सुट्टी घेतली, तर कारण सगळ्यांसमोर सांगितलं. काही महिन्यांत पोरं खोटी कारणं न सांगता सुट्टी मागू लागली.

योगशिबिर जरूर घ्या. पण चार जणांचं काम दोघांवर टाकून सकाळी प्राणायाम करायला लावलं, तर उपयोग काय?

आणि कुणाला आत्ताच बोलायची गरज असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत सुरू आहे. मराठीत बोलता येतं.