पहिला प्रश्न कुठला? अपंगत्व, संशोधन आणि मतं मोजण्याचं गणित

खुणांची भाषा ‘बोलून दाखवणारे’ हातमोजे ही बातमी दर थोड्या वर्षांनी नव्यानं छापून येते. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना अशाच हातमोज्यांसाठी १० हजार डॉलरचं पारितोषिक मिळालं, तेव्हा ती जगभर गाजली. हातमोज्यातले सेन्सर हाताची हालचाल टिपतात आणि संगणक त्याचा शब्द उच्चारतो. कर्णबधिरांनी मात्र लगेच हरकत घेतली. खुणांच्या भाषेचं व्याकरण हातांपुरतं नसतं. अमेरिकी खुणांच्या भाषेत नुसत्या भुवया उंचावल्या तरी विधानाचा प्रश्न होतो, मान हलवली की नकार होतो. हातमोज्याला चेहरा दिसत नाही. शिवाय ऐकणाऱ्यानं दिलेलं उत्तर कर्णबधिर माणसापर्यंत पोचवायची सोय त्यात नव्हती. टीका करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: आधी आम्हाला विचारायचं होतं.

ती मुलं हुशार होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला खटकतं ते त्याच्या आधीचं. जगात सुमारे १३० कोटी माणसं, म्हणजे दर सहांमागे एक, लक्षणीय अपंगत्वासह जगतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांच्यासाठी कोणतं संशोधन आधी व्हावं, हे कोण ठरवतं?

बाहेरून पाहणाऱ्याचा अंदाज किती चुकतो, याचं एक उदाहरण मी कधी विसरत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला काय हवं असेल? शंभरातले नव्वद जण म्हणतील, ‘पुन्हा चालायला.’ किम अँडरसन या अमेरिकी संशोधक स्वतः अशा इजेसह जगतात. त्यांनी ६८१ जणांना विचारलं की, कोणती क्षमता परत आली तर तुमचं आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल? २००४ मध्ये उत्तरं प्रसिद्ध झाली. हातपाय चारही बाधित असलेल्यांपैकी ४८.७ टक्के लोकांनी हातांचा वापर पहिला मागितला. फक्त पाय बाधित असलेल्यांमध्ये सर्वांत वरचं उत्तर होतं लैंगिक क्षमता, २६.७ टक्के. मूत्राशय आणि आतड्यांवरचं नियंत्रण दोन्ही गटांना फार महत्त्वाचं वाटत होतं. चालणं दोन्हीकडे पहिलं नव्हतं.

म्हणून लोकांना विचारणं ही मला सौजन्याची बाब वाटत नाही. ते एक मोजमाप आहे, आणि मोजमाप म्हटलं की पद्धत आली, चूकही आली.

ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स हे काम करते. (१७४७ मध्ये १२ खलाशांवर स्कर्व्ही या आजारावरचे उपाय ताडून पाहणारा डॉक्टर तो हाच लिंड.) रुग्ण किंवा अपंग व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे आणि उपचार करणारे असे तिघं मिळून आधी प्रश्न गोळा करतात. सारखे प्रश्न एकत्र केले जातात. ज्यांची उत्तरं आधीच सापडलेली आहेत ते बाजूला काढतात. उरलेल्यांना पसंतिक्रम द्यायला सांगतात आणि शेवटी सगळे समोरासमोर बसून पहिले दहा ठरवतात. अमेरिकेत अपंगत्वावरच्या संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था आपल्या दीर्घकालीन आराखड्याचा मसुदा जाहीर करून त्यावर लोकांची मतं मागवते. वाचायला हे सरळ वाटतं. पण खरी गंमत बेरजेत आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कागद-पेन घ्या.

समजा नऊ जण आहेत आणि तीन विषय: हात, मूत्राशय, चालणं. चौघांचा क्रम हात, मूत्राशय, चालणं. तिघांचा चालणं, मूत्राशय, हात. उरलेल्या दोघांचा मूत्राशय, चालणं, हात.

फक्त पहिली पसंती मोजली तर हाताला ४ मतं, चालण्याला ३, मूत्राशयाला २. मूत्राशय तळाला गेलं. आता अठराव्या शतकातला फ्रेंच गणिती बोर्दा याची रीत लावू: पहिल्या पसंतीला २ गुण, दुसरीला १, तिसरीला शून्य. हाताला ८, चालण्याला ८ आणि मूत्राशयाला ११! त्याच नऊ जणांचे तेच क्रम, पण तळाचा विषय थेट वर आला. बोर्दाचा समकालीन कोंदोर्से म्हणे, विषयांची जोडी-जोडीनं कुस्ती लावा. मूत्राशय विरुद्ध हात: ५ विरुद्ध ४. मूत्राशय विरुद्ध चालणं: ६ विरुद्ध ३. दोन्ही कुस्त्या मूत्राशयानंच जिंकल्या. ज्याला जवळजवळ सगळे ‘दुसरं’ म्हणतात, ते पहिल्या पसंतीच्या मोजणीत अदृश्य होतं.

मग बोर्दाची रीत निर्दोष समजायची का? यादीत ‘चालण्याचा वेग’ असा चौथा विषय घाला. तो सगळ्यांच्या क्रमात ‘चालणं’च्या लगेच खाली बसतो असं धरा. आता गुण ३, २, १, ०. मूत्राशयाला १७ आणि चालण्यालाही १७. एकाचंही मत बदललेलं नाही, तरी जुळा भाऊ यादीत आल्याबरोबर तीन गुणांची आघाडी पुसली गेली. म्हणजे सारखे प्रश्न कोण एकत्र करतं, कोणते वेगळे ठेवतं, ही कारकुनी वाटणारी पायरी निकाल फिरवू शकते. कोंदोर्सेची रीतही कधीकधी गोल फिरते: अ हा ब ला हरवतो, ब हा क ला आणि क पुन्हा अ ला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्ये सिद्धच केलं की, तीन किंवा अधिक पर्याय असतील तर काही अगदी वाजवी अटी एकत्र पाळणारी क्रमवारीची कोणतीच रीत असू शकत नाही. म्हणूनच नुसत्या आकड्यांवर न थांबता शेवटी माणसं समोरासमोर बसवतात.

दुसरी चूक गटांच्या आकाराची. समजा, ९०० पालक आणि १०० अपंग व्यक्तींनी अर्ज भरले. सरळ बेरीज केली तर यादी पालकांची होते. त्यामुळे प्रत्येक गटाची क्रमवारी आधी स्वतंत्र काढून मग ती जोडावी लागते. ‘जवळच्यांना कळतंच की’ हा आधार कच्चा आहे. १९९९ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी आपल्या आयुष्याचा दर्जा चांगला किंवा उत्तम सांगितला होता. बाहेरच्यांना असं वाटत नाही. आणि जो अर्ज स्क्रीन रीडरला (अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाही, खुणांच्या भाषेत किंवा सोप्या भाषेत मिळत नाही, तो उत्तर येण्याआधीच माणसं गाळतो.

अपंगत्व हे पूर्वकर्माचं फळ म्हणणारा आणि सिद्ध न झालेली स्टेम सेलची इंजेक्शनं चमत्कार म्हणून विकणारा, या दोघांचा मला सारखाच राग येतो. समोरच्याला काय हवंय हे दोघंही विचारत नाहीत.

विचारल्यावर काय दिसतं? जेम्स लिंड अलायन्सच्या रीतीनं ठरवलेल्या १४ याद्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण आणि डॉक्टरांना अभ्यासायला हव्या असलेल्या उपचारांत औषधांचा वाटा १८ टक्के होता. प्रत्यक्षात नोंदणी झालेल्या बिगर-व्यापारी चाचण्यांत तो ३७ टक्के आणि व्यापारी चाचण्यांत ८६ टक्के निघाला. स्वमग्नतेवरच्या (ऑटिझमवरच्या) २०१६ च्या यादीत पहिला प्रश्न मानसिक आरोग्याचा होता: कोणत्या उपायांनी ते सुधारेल? त्याआधी ब्रिटनमध्ये स्वमग्नतेवरचा निम्म्याहून अधिक संशोधन-निधी मेंदू, जीवशास्त्र आणि आकलन यांवर खर्च होत होता.

२०२४ मध्ये मानेच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या ६० जणांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. त्वचेवरून मज्जारज्जूला विजेचे सौम्य झटके देत व्यायाम करून घेतला गेला. ७२ टक्के लोकांमध्ये ताकद आणि कार्यक्षमता दोन्ही सुधारल्या. तिथे कुणालाही उभं करून चालवून पाहिलं नाही. मोजली ती चिमटीची पकड, हातांची ताकद.