वीजग्रिडमधील विक्षोभांचे नकाशांकन

दूरदूरच्या ठिकाणी बसवलेल्या आणि एकाच घड्याळाशी जुळवलेल्या संवेदकांकडून वारंवारता, व्होल्टता व कलाकोन (विद्युत लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते सांगणारा कोन) यांची मोजमापे घेऊन ग्रिडमधील विक्षोभ कोठे उद्भवला, केवढा होता आणि कसा पसरला हे ठरवण्याची पद्धत. वीजनिर्मिती संच अचानक बंद पडणे, पारेषण वाहिनी तुटणे, मोठा भार (वीज वापरणारा ग्राहक) एकदम सुटणे आणि शक्तिप्रवाहातील मंद दोलने हे नेहमीचे विक्षोभ होत.

एका ग्रिडला जोडलेली सर्व समकालिक जनित्रे एका तालात फिरतात. हा ताल म्हणजेच ५० किंवा ६० हर्ट्झ वारंवारता. मोठा संच अचानक बंद पडला की ती घसरते, भार सुटला की चढते. मात्र हा बदल सगळीकडे एकाच क्षणी दिसत नाही. तारेतला विद्युत संकेत प्रकाशाच्या जवळपास वेगाने जातो, पण जनित्रांच्या अवजड रोटरांच्या (फिरत्या भागांच्या) जडत्वामुळे वारंवारतेची घसरण बरीच मागून, सेकंदाला काही शे किलोमीटर अशा वेगाने सरकते. सगळी पद्धत या विलंबावर उभी आहे. भूकंपाचे केंद्र शोधताना करतात तसेच, लाट कोणत्या ठाण्यावर किती आधी पोहोचली या फरकांवरून उगम काढला जातो. एखाद्या ग्रिडमध्ये किती मेगावॉट गेल्यावर वारंवारता किती उतरते याचे गुणोत्तर पूर्वानुभवाने माहीत असते; त्यावरून गमावलेल्या निर्मितीचाही अंदाज येतो.

म्हणून मोजमापाइतकेच घड्याळही महत्त्वाचे. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. घड्याळ एक मिलिसेकंद चुकले तर कलाकोनात १८ अंशांची चूक होते आणि ते मोजमाप फेकून द्यावे लागते. चूक एका मायक्रोसेकंदाची असेल, तर फरक अवघा ०.०१८ अंश. जीपीएस उपग्रहांमुळे ही अचूकता दूरदूरच्या उपकेंद्रांवर शक्य झाली. अरुण फडके व जेम्स थॉर्प यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथे १९८८ मध्ये विकसित केलेले फेझर मापन एकक (पीएमयू), म्हणजे व्होल्टतेचे मान व कलाकोन एकत्र मोजणारे उपकरण, याच तत्त्वावर चालते. ग्रिडवर दुरून देखरेख व नियंत्रण ठेवणारी जुनी स्काडा यंत्रणा दर काही सेकंदांनी एक वाचन देते; पीएमयू सेकंदाला ३० किंवा त्याहून अधिक वाचने वेळेच्या शिक्क्यासह पाठवते. अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज घालवणाऱ्या १४ ऑगस्ट २००३ च्या बिघाडानंतर तपास करणाऱ्यांपुढे नोंदींचे ढीग होते, पण अनेक उपकरणांची घड्याळे एकमेकांशी जुळत नव्हती. आधी काय झाले आणि नंतर काय, हे लावण्यातच बरेच श्रम गेले.

पीएमयू उपकेंद्रात बसवणे खर्चाचे असते. व्हर्जिनिया टेकमध्येच सुरू झालेल्या आणि पुढे टेनेसी विद्यापीठातून चालवल्या गेलेल्या एफनेट या वारंवारता मोजणाऱ्या संवेदकांच्या जाळ्याने वेगळी वाट धरली. त्याचे संवेदक भिंतीवरच्या साध्या सॉकेटला लावता येतात. सॉकेटवरची व्होल्टता शेजारच्या उपकरणांनीही हलते, वारंवारता मात्र त्या परिसरात सगळीकडे जवळपास सारखीच मिळते. त्यामुळे वीज कंपनीची परवानगी न मागता ग्रिडची नाडी पाहता येते, ही या कल्पनेतली खरी हुशारी.

दोलनांचा उगम शोधणे याहून अवघड असते. ११ जानेवारी २०१९ रोजी फ्लोरिडातील एका वीजकेंद्राच्या वाफेच्या टर्बाइनची शक्ती सदोष संकेतामुळे खालीवर होऊ लागली. दर चार सेकंदांना एक, म्हणजे ०.२५ हर्ट्झचे हे दोलन सुमारे १८ मिनिटे चालले आणि अमेरिकेच्या पूर्वेकडील ग्रिडभर, पार न्यू इंग्लंडपर्यंत नोंदले गेले. ग्रिडच्या नैसर्गिक दोलनाशी अशी लय जुळली, की दूरचा प्रदेशही जोरात डोलतो. जिथे झोका मोठा दिसतो तिथेच उगम असेल असे मानून चालत नाही. ऊर्जा कोणत्या दिशेने वाहते आहे हे तपासावे लागते.

लाटेचा वेग सर्वत्र सारखा नसतो. वाहिन्यांची रचना व जनित्रांचे जडत्व यांवर तो बदलतो. सौर व पवन ऊर्जा इन्व्हर्टरमार्फत, म्हणजे ग्रिडच्या तालात फिरणाऱ्या रोटराऐवजी इलेक्ट्रॉनिक उपकरणातून, येऊ लागल्याने जडत्व तासागणिक कमीजास्त होते, आणि जुनी गणिती प्रारूपे पुन्हा बसवावी लागतात. शिवाय नुसत्या वारंवारतेवर सगळे विक्षोभ कळत नाहीत. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन व पोर्तुगालमध्ये वीज गेली त्याआधीच्या अर्ध्या तासात दोलने नोंदली गेली होती, पण ग्रिड कोसळण्यात मुख्य वाटा वाढत गेलेल्या व्होल्टतेचा होता. व्होल्टता ही मुळात स्थानिक राशी. ती पकडायला संवेदक दाट आणि उच्चदाबाच्या उपकेंद्रांतच बसवावे लागतात.