हातमोजे, ड्रम आणि मॉपची मोजणी

पोट शिवायला घेण्याआधी सर्जन मान वर न करताच विचारतात, "सिस्टर, काउंट?" हात निर्जंतुक करून ऑपरेशनला उभी राहिलेली, म्हणजे स्क्रब झालेली सिस्टर ट्रॉलीवरचे मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजते. फ्लोअरवरची सिस्टर बादलीतले रक्ताने भिजलेले मॉप पाच-पाचच्या ओळीत मांडून मोजते. फळ्यावरच्या आकड्याशी ताळा जमला की टाके सुरू. एक जरी कमी भरला तरी सगळे थांबतात आणि शोधाशोध सुरू होते. दीडशे वर्षांपूर्वीच्या सर्जनला हे दृश्य दाखवलं असतं, तर जंतूंची गोष्ट त्याने एक वेळ ऐकून घेतली असती. नर्सच्या शब्दावर आपला हात थांबतो, हे मात्र त्याला पटलं नसतं.

त्या काळी रक्त वाळून कडक झालेला जुना कोट चढवूनच सर्जन उभे राहत. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीस नावाचा ११ वर्षांचा मुलगा आला. पायावरून गाडीचं चाक गेलेलं, हाड मोडलेलं, वर उघडी जखम. अशा जखमेत पू धरायचा आणि बहुतेकदा पाय कापावा लागायचा. सर्जन जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर जंतुनाशक कार्बोलिक ॲसिडच्या पट्ट्या ठेवल्या आणि पाय वाचला. पुढे ते ऑपरेशन चालू असताना हवेतही कार्बोलिकचा फवारा सोडू लागले. तो फवारा १८९० मध्ये त्यांनीच बंद केला.

लिस्टर यांची रीत होती ती जखमेतले जंतू मारण्याची. जंतू मुळात आत जाऊच द्यायचे नाहीत, हा त्यापुढचा विचार, आणि नर्सच्या दृष्टीने खरा बदल इथे झाला. पॅरिसमध्ये पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलाँ यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने सामान निर्जंतुक करणारं यंत्र, तयार केला. बर्लिनमध्ये अर्न्स्ट फॉन बर्गमान आणि कुर्ट शिमेलबुश यांनी कपडे आणि ड्रेसिंगचं सामान वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत बसवली. आपल्याकडे अनेक ऑपरेशन थिएटरांत अजूनही दिसणारा गोल ड्रम शिमेलबुश यांच्याच नावाचा. त्याच्या अंगाला भोकं असतात आणि त्यावर सरकणारी पट्टी. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना भोकं उघडी, कारण वाफ आत शिरली पाहिजे. बाहेर काढल्याबरोबर पट्टी सरकवून बंद. पट्टी उघडी राहिली असेल तर आतले गाऊन कितीही पांढरेशुभ्र दिसोत, ते वापरायचे नाहीत.

म्हणजे ऑपरेशनचं निम्मं काम आता सर्जन येण्याआधीच व्हायला लागलं. उकळणं, घड्या घालणं, ड्रम भरणं, ट्रॉली लावणं, आणि लावलेल्या ट्रॉलीला कुणाचा कोपर लागत नाही ना यावर नजर ठेवणं. हे सगळं नर्सकडे आलं.

हातमोज्यांची गोष्ट मात्र भलत्याच दिशेने आली. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ मध्ये सुरू झालं. तिथे सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांच्या थिएटरची प्रमुख नर्स होती कॅरोलिन हॅम्प्टन. हात धुण्याचा क्रम भयंकर होता: साबण, मग पोटॅशियम परमँगनेट, मग ऑक्झॅलिक ॲसिड, शेवटी मर्क्युरिक क्लोराइड. तिच्या हातांची आणि बाहूंची कातडी त्या शेवटच्या द्रावणाने सोलवटून निघाली. हॅल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबराचे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे हातमोजे करवून घेतले. रुग्णासाठी नव्हे, नर्सच्या कातडीसाठी! १८९० मध्ये दोघांचं लग्न झालं आणि कॅरोलिनने नर्सिंग सोडलं. मोजे मागे राहिले. हळूहळू मदतनीसांच्या हातात ते दिसू लागले, सर्जनच्या हातात सगळ्यात शेवटी. हॅल्स्टेड यांचेच सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनांचा हिशोब मांडला: मोजे घालायला लागल्यावर संसर्ग १७ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्याही खाली आला होता. इतकी वर्षं आपल्याला हे दिसलं कसं नाही, याचं नवल हॅल्स्टेड यांनी १९१३ च्या लेखात केलं आहे. त्याच लेखात मोज्यांची हकिगत सांगताना त्यांनी पत्नीचं नाव मात्र घेतलेलं नाही. 'माझ्या ऑपरेशन रूमची प्रमुख नर्स' एवढाच उल्लेख.

मास्क १८९७ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊचे सर्जन मिकुलिच यांनी आणला. हिरवा कपडा १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन यांनी, कारण पांढऱ्यावरची चमक त्यांच्या डोळ्यांना सहन होत नव्हती. तिथेही जंतूंचा काही संबंध नाही.

एवढं सगळं निर्जंतुक केलं, तरी माणूस विसरतोच. निर्जंतुक मॉपसुद्धा पोटात राहिला की घातकच. राहिलेल्या मॉपभोवती होणाऱ्या गाठीला वैद्यकात गॉसिपिबोमा म्हणतात, त्यातला पहिला भाग कापसाच्या लॅटिन नावावरून आलेला. म्हणून मोजणी, आणि म्हणूनच एक्स-रेमध्ये दिसणारा धागा घातलेले मॉप.

या सवयी एका कागदावर आल्या त्या २००८ च्या जूनमध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनच्या सुरक्षेसाठी केलेल्या १९ मुद्द्यांच्या यादीत. हे काम अमेरिकन सर्जन अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली झालं. त्यांचे सर्जन वडील मूळचे महाराष्ट्रातल्या उटी गावचे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरून पाहिली. २००९ च्या जानेवारीत आकडे छापून आले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर.

यादीचे तीन टप्पे आहेत: भूल देण्याआधी, चिरा घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी. शेवटच्या टप्प्यात मोजणी जुळल्याचं नर्सने मोठ्याने सांगायचं असतं. मधल्या टप्प्यात सामान निर्जंतुक झाल्याची खात्रीही तीच देते, इंडिकेटर, म्हणजे निर्जंतुकीकरण झाल्याची खूण, पाहून. पण त्याच टप्प्याची पहिली ओळ आपल्याकडे घाईत सगळ्यात आधी गळते. थिएटरमधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, अशी ती ओळ आहे. सिस्टरनेसुद्धा.