विटांच्या जुन्या पेढीला सिमेंट का मानवत नाही?

१८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापुरात रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसवली. अशा व्यापारी पेठांतून खाली गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, कोठी, दर्शनी भागात अडत्याची बैठक आणि वर राहती घरे अशा रचनेची, चुन्यात बांधलेली विटांची जी इमारत आढळते, तिचे वारसामूल्य बहुतेक लोक कमानीत, नक्षीदार कठड्यात किंवा सागवानी तुळयांत शोधतात. माझ्या मते त्यातला मोठा वाटा भिंतीच्या आत आहे, आणि डागडुजीच्या वेळी नेमका तोच गमावला जातो. ‘सिमेंटचा गिलावा केला की इमारत पक्की झाली’ हा समज त्याला कारणीभूत आहे.

भाजलेली वीट अतिसूक्ष्म छिद्रांनी भरलेली असते. त्या छिद्रांतून जमिनीतले पाणी पृष्ठताणामुळे वर चढते. यालाच केशाकर्षण म्हणतात. छिद्र जितके अरुंद, तितके पाणी उंच चढते. छिद्राची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग असेल तर गणिताने पाणी सुमारे दीड मीटर चढू शकते, आणि हजारावा भाग असेल तर सुमारे पंधरा मीटर. मग दुमजली पेढी छपरापर्यंत ओली का होत नाही? कारण पाणी वर चढत असतानाच भिंतीच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होत असते. खालून येणारे पाणी आणि बाहेर जाणारी वाफ यांचा जिथे मेळ बसतो, तिथे ओलीची रेषा थांबते. जुन्या भिंतींत ती बहुधा जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर दिसते.

आता याच भिंतीवर सिमेंटचा घट्ट थर चढवला, तर खालून येणारे पाणी कमी होत नाही, पण वाफेची वाट आक्रसते. मेळ बसण्यासाठी पाण्याला अधिक मोठा पृष्ठभाग लागतो, म्हणून ओल आणखी वर सरकते. ओल अडवण्यासाठी केलेला उपाय ओलीलाच वर चढवतो, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

पाण्याबरोबर मातीतले क्षारही येतात. वाफ पृष्ठभागावरून होत असेल तर ते बाहेर पांढऱ्या बुकणीच्या रूपात साचतात, यालाच लोणा म्हणतात, आणि झाडून काढता येतात. वाफ गिलाव्याच्या मागे अडली, तर स्फटिक विटेच्या छिद्रांतच वाढू लागतात. यांपैकी सोडियम सल्फेट या क्षाराचा एक रेणू पाण्याचे दहा रेणू सामावून घेतो आणि त्याचे घनफळ जवळजवळ चौपट होते. उन्हाळा-पावसाळ्याच्या फेऱ्यांत हा दाब वारंवार येऊन विटेचे पापुद्रे सुटतात. कोपऱ्यातल्या अशा ओलीला आणि पोपड्यांना वास्तुदोष ठरवून त्याची शांती करण्यात पैसा घालवण्याऐवजी त्या भिंतीवर काय थापले आहे, हे आधी पाहावे.

चुना या साखळीत वेगळा वागतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळू किंवा सुरखी मिसळून चुन्याच्या घाण्यात मळला आणि भिंतीत वापरला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून सावकाश दगड होतो. सुरखी म्हणजे विटांची भुकटी. तिच्यातली सिलिका चुन्याशी संयोग पावते, म्हणून तो मसाला दमट जागीही धरतो. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असल्याने इमारत किंचित हलली तर तडा सांध्यात जातो आणि वीट वाचते. बारीक तड्यात पाणी झिरपले, तर विरघळलेला चुना पुढे साचून तो तडा काही अंशी बुजवतोही. शिवाय चुन्यातल्या विटा अखंड सोडवून पुन्हा वापरता येतात. सिमेंटमधून काढताना त्या फुटतात.

जुने बांधकाम गुळामुळे आणि उडदाच्या पाण्यामुळे टिकले, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. चुन्यात गूळ घालत असत, आणि साखरेमुळे पाण्यात चुना अधिक विरघळतो हेही खरे आहे. परंतु टिकाऊपणाचे मुख्य श्रेय चुना, सुरखी आणि नीट मळणी यांचे आहे. सिमेंटमध्ये तोच गूळ घातला तर ते वेळेवर धरत नाही, कारण साखर सिमेंटच्या कणांची पाण्याशी होणारी क्रिया रोखते. तिचे अगदी थोडे प्रमाणही पुरते.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले होते. अशा पाण्यात भिजलेली जाड भिंत सुकायला कित्येक महिने लागतात. तोवर खालच्या भागातला सिमेंटचा थर विटांना इजा न होता निघत असेल तर तो काढावा, भिंत उघडी ठेवावी आणि दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्यानेच भराव्यात. नवा चुन्याचा गिलावा पावसाळा सरल्यावर, पातळ थरांत करावा आणि ओल्या गोणपाटाने झाकून त्याला उन्हापासून काही दिवस जपावे, कारण घाईने सुकलेला चुना हवेशी संयोग पावण्याआधीच भुसभुशीत होतो.