जुने पाईप टिकले, नवे आधी दमले

व्हर्सायच्या राजवाड्यातल्या कारंज्यांसाठी फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने १६६४च्या सुमारास बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पाईप टाकून घेतले. त्यांतले काही तीनशेहून जास्त वर्षं पाणी वाहत राहिले. एकदा पुरला की पाईप विसरायचा, ही सवय लागायला असे नमुने पुरेसे होते.

त्या काळी लंडनमध्ये मात्र पाणी एल्म झाडाच्या पोखरलेल्या ओंडक्यांतून जायचं. ते कुजायचे, सांध्यांतून गळायचे. १७८५मध्ये तिथल्याच थॉमस सिम्पसनने एका पाईपच्या रुंद तोंडात दुसऱ्याचं टोक बसवून फट शिशाने ठासायची पद्धत काढली आणि बिडाच्या लांबच लांब वाहिन्या टाकणं सोपं झालं. १८५४मध्ये डॉक्टर जॉन स्नोने लंडनच्याच सोहो भागातल्या कॉलऱ्याचं मूळ एका पंपाच्या पाण्यात दाखवलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांनी झपाट्याने पाण्याच्या पाईपांची जाळी विणली.

खरी गोम पुढे आहे. आधी वाळूच्या साच्यात ओतलेल्या पाईपची जाडी सगळीकडे सारखी येत नसे, म्हणून भिंत जाडच ठेवत. १९२०च्या दशकात फिरत्या साच्यात ओतकाम सुरू झालं, जाडी एकसारखी येऊ लागली आणि भिंत पातळ करता आली. दर्जा सुधारला, पण गंजाला खायला लोखंड कमी उरलं. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन या पाणीपुरवठा क्षेत्रातल्या संघटनेच्या २००१च्या अहवालाने हिशेब मांडला: एकोणिसाव्या शतकातल्या पाईपचं आयुष्य साधारण १२० वर्षं, १९२०च्या दशकातल्यांचं १००, दुसऱ्या महायुद्धानंतरच्यांचं ७५. म्हणजे आजोबा, मुलगा आणि नातू एकाच सुमारास निवृत्तीला आले.

खोदून काढलेला जुना पाईप आडवा कापून पाहावा. आत गंजाचे तपकिरी गोळे, आणि सहा इंची पाईपमध्ये कधीकधी जेमतेम मूठ जाईल एवढी वाट. दाब कमी का, याचं उत्तर तिथेच मिळतं. गळती शोधायला रात्री, वापर थंडावल्यावर, व्हॉल्व्हवर दांडी टेकवून कान लावायची जुनी रीत अजून टिकून आहे. यंत्रं आली, पण तीही ऐकण्याचंच काम करतात.

नुसतं वय पाहून पाईप बदलणं मात्र चुकीचं. माती, पाण्याचा दाब आणि खुद्द पाणीही आयुष्य ठरवतं. २०१४मध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला, पण गंजरोधक रसायन घातलं नाही. घरांना जोडणाऱ्या शिशाच्या नळ्यांमधलं शिसं घराघरांतल्या नळांत उतरलं. पाईप तेच होते, आदल्या दिवशीचेच.

पैशाचं गणित त्याहून जुनं दुखणं. पाणीपट्टी ठरवताना विजेचा, रसायनांचा, पगाराचा खर्च धरला जातो. जमिनीखाली दरवर्षी झिजणाऱ्या पाईपचा घसारा बहुतेक ठिकाणी धरलाच गेला नाही.